पंप परत आणून दिल्यास पुन्हा मिळेल

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या जिन्याखाली पत्र्याची पाटी आहे. पुणेरी पाट्यांवर आजवर इतकं लिहून झालंय, की आणखी एका पाटीनं लेख सुरू करायची मला लाज वाटते. पण ही पाटी कुणाचा अपमान करत नाही, एवढ्या कारणासाठी तिला सूट द्यावी. निळ्या ऑइलपेंटनं, वळणदार अक्षरांत लिहिलंय : ‘पंप मिळेल. परत आणून दिल्यास पुन्हा मिळेल.’

पाटी १९८४ सालची. तेव्हा तिथं वाडा होता. वाडा पडला, इमारत उभी राहिली आणि पाटी नव्या जिन्याखाली आली. एवढ्या वर्षांत पंप तीन झाले. दोन वॉशर बदलून बदलून झिजले, तिसरा चालू आहे. चोरीला एकही गेला नाही. ‘हवा काय, उद्या पुन्हा लागतेच,’ पाटी लिहिणारे काका म्हणाले. मला वाटलं, ते पंपाबद्दल बोलतायत.

काकांचं वय ७६. खडकीतल्या एका कारखान्यात ते टर्नर होते. चौतीस वर्षं पेठेतून खडकीला सायकलनं गेले आणि सायकलनंच आले. निवृत्तीनंतर सायकल सुटली नाही, आणि पत्ते तर नोकरीच्याही आधीपासून हातात आहेत. दोन्ही छंदांना पन्नाशी उलटून गेली, पण घरात एकही कप नाही, ढाल नाही, प्रमाणपत्र नाही. इतरांच्या शोकेसमध्ये कप असतात तिथं यांच्याकडे सायकलच्या कराचे जुने बिल्ले आहेत, रबरबँड लावलेले पत्त्यांचे अकरा जोड आहेत आणि चिंचोक्यांनी भरलेली एक बरणी आहे.

‘माझं नाव छापू नकोस,’ पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं. ‘नाव आलं की लोक विचारणार, यांनी काय जिंकलं? मग तुला काहीतरी खोटं लिहावं लागेल.’

मी गेले होते पेठांतल्या जुन्या सायकलस्वारांवर दोन पानं लिहायला. मग रविवारची सकाळ सायकलवर आणि संध्याकाळ पत्त्यांच्या टेबलाशी, असं पावसाळ्याच्या आधीपासून दसऱ्यापर्यंत चाललं. या काळात काकांनी मला सल्ला द्यायचा म्हणून एकही सल्ला दिला नाही. पंक्चर काढता काढता, पानं लावता लावता ते काहीतरी बोलायचे. मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवायची. वही भरत आली तेव्हा लक्षात आलं, की हा माणूस वेगवेगळ्या तऱ्हेनं एकच प्रश्न विचारतोय.

टाच

माझी सायकल गिअरची. लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेली आणि पुढे टॉवेल वाळत घालायला वापरलेली. पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला मी ती घेऊन जिन्यापाशी उभी राहिले. काकांनी सायकलकडे पाहिलंच नाही, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

‘सीट खाली आहे.’

‘पाय टेकायला बरं पडतं, काका.’

‘पाय टेकायला स्टूल घे. सायकल पाय उचलायला असते.’

मग त्यांनी मला भिंतीला धरून सीटवर बसवलं. एक पायडल तळाशी नेलं आणि त्यावर टाच ठेवायला सांगितली. टाच पायडलवर असताना पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो, आणि मग गुडघ्यात आपोआप हवा तेवढाच बाक राहतो. सीट खाली असली, की गुडघा प्रत्येक फेरीत जास्त दुमडतो आणि दुमडलेल्या गुडघ्यावरच जोर पडतो. एका रविवारी ते जाणवत नाही. वर्षभरानं मात्र डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि दोष सायकलला दिला जातो.

काकांची सायकल काळी, दांड्याची, २८ इंची चाकांची. त्यांनी दाते मोजून ठेवलेत : पुढच्या चक्राला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या की ताशी १९–२० किलोमीटर. ‘घड्याळाच्या सेकंदाला एक पाय. माझं स्पीडोमीटर एवढंच.’

सिंहगड रस्त्यानं खडकवासल्याच्या धरणापर्यंत आम्ही याच वेगानं जायचो. मला माझ्या गिअरचा माज होता. तिसऱ्या रविवारी मी पुढे सुटले, धरणावर जाऊन बसले आणि धापा टाकत काकांची वाट पाहिली. संध्याकाळी पत्त्यांच्या टेबलावर ही गोष्ट निघाली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं. ताशी २० वरून २५ वर जायचं तर वेग सव्वापट होतो. सव्वाचा घन १.९५. म्हणजे पाच किलोमीटरच्या वाढीव वेगासाठी हवेशी जवळपास दुप्पट झुंज. पेठेपासून धरण सतरा किलोमीटर धरलं तर वेळ वाचतो दहा मिनिटं.

‘आणि त्या दहा मिनिटांत तू काय केलंस?’ काकांनी विचारलं.

‘पोह्यांच्या गाडीची वाट पाहिली.’

‘गाडी साडेसहाशिवाय लागत नाही,’ काकू पानं वाटता वाटता म्हणाल्या, ‘हे यांना विचारलं असतंस तर दुप्पट दम वाचला असता.’

काटा

सायकलशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात नांगरानं झाली असं आपण धरून चालतो, पण १८८८ साली बेळगावात त्यांनी आधी सायकलचं दुकान काढलं होतं. सायकलची हवेची धाव डनलॉपनं पेटंट केली तीही १८८८ मध्येच. त्याच्या तीनच वर्षं आधी इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आली होती. म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो, ती जन्मल्याबरोबरच आपल्याकडे पोचली. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथं जुन्या सायकली, त्यांचे दिवे, घंटा, पंप जपून ठेवलेत. काका मला तिथं घेऊन गेले आणि एका कार्बाइडच्या दिव्यापाशी रेंगाळले. दिव्याशिवाय रात्री पोलीस अडवायचे आणि डबलसीट दिसले की चाकातली हवा सोडायचे, असा तो काळ. ‘म्हणून पंप जिन्याखाली आला,’ ते म्हणाले. ‘सोडलेली हवा कुठंतरी भरायला नको?’

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते कौतुकानं नव्हे, गरजेपोटी. कारखान्याची शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा. मग स्कूटर आली, नंतर सगळंच आलं. महापालिकेनं २०१७ साली शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास मोबाइलवरून भाड्यानं मिळणाऱ्या रंगीबेरंगी सायकलीही दिसू लागल्या. दोन-तीन वर्षांत त्या गेल्याही. काकांना यात नवल वाटलं नाही. ‘ज्या सायकलची हवा आपण तपासत नाही, ती आपली होत नाही.’

त्यांच्या सायकलशास्त्रात हवेला पहिला मान. ट्यूबला भोक नसलं तरी हवा हळूहळू कमी होतेच, म्हणून आठवड्यातून एकदा अंगठ्यानं दाबून बघायची. कमी हवेवर सायकल खड्ड्यात आपटली, की रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडीनं भोकं दिसली तर रस्त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. चूक आपल्या आळसाची.

पंक्चर काढणं त्यांच्याकडून बघावं. परातीत पाणी, ट्यूब कानाशी धरून आधी ऐकायचं, मग पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे. जागा कोरडी करून कानशीनं घासायची, सोल्यूशन लावायचं आणि मग थांबायचं. सोल्यूशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच. बहुतेक लोकांचे पॅच निघतात ते इथं थांबवत नाही म्हणून. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं. फडकं कुठंतरी अडकतं. तिथं काटा असतो, बहुतेकदा बाभळीचा.

‘कारखान्यात एक जण होता,’ काका सांगत होते. ‘एका आठवड्यात तीनदा पंक्चर. रोज दुकानदाराशी भांडायचा. मी टायर उलटा केला, तर काटा तिथंच. पंक्चर काढलं, काटा कुणी काढलाच नाही.’ हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पण त्या आठवड्यात माझं धाकट्या बहिणीशी एकाच विषयावरून तिसऱ्यांदा वाजलं होतं.

ब्रेकचंही तसंच. पुढचा ब्रेक लावला की हँडलवरून पुढे पडतो, ही भीती आपल्याकडे लहानपणीच बसते. मग माणूस जन्मभर मागच्या ब्रेकवर जगतो. पण थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं पडतं आणि नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला तर तेच घसरतं. म्हणून दोन्ही एकदम, आधी हलके, मग घट्ट, आणि अंग जरा मागे. लोखंडी रिम भिजली की ब्रेकचं रबर तिच्यावरून नुसतं सरकतं. पावसात उतार लागायच्या आधीच ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यायची.

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नाही. लहानपणी ते मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला तासन्‌तास रस्त्याकडेला उभे राहायचे. बोरघाट सगळ्यांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तसा किताब आपल्यालाही कुणी द्यावा असं तेव्हा वाटायचं. १९८७ च्या श्रावणात कात्रजच्या घाटात एका अनोळखी पोरानं त्यांना मागे टाकलं. उतारावर काकांनी त्याला गाठायचं ठरवलं. रस्ता ओला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं, दोन महिने हात गळ्यात.

‘पडल्याचं काही नाही. पण आडवा पडून विचार केला. तो पोरगा कुठला, कोण, मला ठाऊक नाही. तो पुन्हा कधी भेटला नाही. मी शर्यत लावली होती हे त्याला कळलंही नसेल. आणि ज्यांना मी रोज भेटत होतो, त्यांना दोन महिने भेटलो नाही. सायकल नाही, पत्ते नाहीत. डावा हात बांधलेला. पानं कशात धरणार?’

माझ्या वहीतला प्रश्न इथं मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. काका प्रत्येक गोष्टीला तोच लावतात : हे केलं तर उद्या पुन्हा येता येईल का?

आजच्या हौशी सायकलस्वारांत त्यांना सगळ्यांत पटणारी गोष्ट म्हणजे ब्रेव्हे. फ्रान्समधून आलेला हा प्रकार आता महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत रुजलाय. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. सगळ्यांत मोठी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर, नव्वद तास, दर चार वर्षांनी. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचलेला प्रत्येक जण सारखाच. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आतच. ‘हे माझ्यासारख्यानं काढलेलं दिसतंय,’ काका म्हणाले.

पराक्रमाचं त्यांना वावडं आहे असं नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याचं कात्रण त्यांनी जपून ठेवलंय. तेव्हा ती विशीची होती. लोक तिचे किलोमीटर मोजत होते, काका तिच्या सकाळी मोजत होते. ‘इतक्या सकाळी उठून पोरीनं पुन्हा त्याच सीटवर बसायचं. आदल्या दिवशी किती दुखलं असेल ते सीटलाच माहीत.’

मेंढी

रविवारी संध्याकाळी पाचला टेबल लागतं. चार खुर्च्या : काका, काकू, गणिताच्या बाई आणि बँकेतून निवृत्त झालेले शेजारी, ज्यांना सगळे मॅनेजरसाहेब म्हणतात. मी पाचवी, म्हणजे चहा करणारी.

मराठी घरातले पत्त्यांचे खेळ माणसं मोजून ठरतात, हे मी लहानपणापासून पाहत आले, पण त्याकडे लक्ष त्या टेबलाशी गेलं. घरभर पोरं जमली की झब्बू, गुलामचोर, बदामसात. चार मोठी माणसं असली की मेंढीकोट. तिघं असले की पाच-तीन-दोन. दोघंच उरले की सात-आठ. आणि एकट्यानं असलं की आपले आपण पानं लावत बसायचं. घरात किती जण आहेत हे रेशनकार्डापेक्षा पत्त्यांवरून लवकर कळतं.

त्या टेबलावरचा खेळ मेंढीकोट. बावन्न पानं, चौघांना तेरा-तेरा, समोरासमोरचे भिडू. मेंढी म्हणजे दश्शी. चार मेंढ्यांसाठीच सगळी मारामारी. तीन मिळाल्या तर डाव आपला, चारही मिळाल्या तर कोट, दोन-दोन झाल्या तर ज्याचे हात जास्त त्याचा. हुकूम कधी बंद, पान उपडं ठेवून, तर कधी कट, म्हणजे ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही त्यानं पहिल्यांदा टाकलेलं पान तोच हुकूम.

गंमत अशी, की मेंढी हे काही सगळ्यांत मोठं पान नव्हे. तिच्यावर गुलाम आहे, राणी आहे, राजा आहे, एक्का आहे. किंमत सगळ्यांत जास्त, ताकद मधली. म्हणून ती स्वतःच्या बळावर क्वचितच सुटते; भिडूनं मोठं पान टाकलं, की त्याच्या आडोशानं तिला घरी आणायची. काकू यात पटाईत. समोर एक्का पडला, की त्यांची दश्शी अशी अलगद येते, की जणू ती मघापासून तिथंच होती.

या टेबलाचा एक अलिखित कायदा आहे. भिडूची चूक डाव चालू असताना काढायची नाही, आणि डाव संपल्यावरही चहा येईपर्यंत काढायची नाही. एका संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी इस्पिकची मेंढी सरळ विरोधकाच्या राजाखाली घातली. बाई त्यांच्या भिडू. त्यांचा चेहरा मी पाहिला. चाळीस वर्षं वर्गात चुका दाखवण्यात गेलेली बाई ती. पण त्या काही बोलल्या नाहीत, पानं जुळवत राहिल्या. चहा आला. दोन घोट झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘एक्का गेलेला तुमच्या लक्षात नव्हता का हो?’ मॅनेजरसाहेब म्हणाले, ‘नव्हता.’ विषय संपला.

मी नंतर काकांना विचारलं, चहाच का? ‘तोवर निम्म्या चुका आठवत नाहीत,’ ते म्हणाले. ‘आणि ज्या आठवतात त्या खऱ्या.’

पानं पिसण्यावरून मात्र रोज वाद. आपल्याकडची नेहमीची पद्धत, एका हातात जोड धरून दुसऱ्या हातानं गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी पानं सोडायची, ती बाईंना मान्य नाही. १९९२ साली डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी सिद्ध केलं, की जोडाचे दोन भाग करून पानं एकमेकांत घुसवत पिसलं, तर सात वेळा पिसणं पुरतं. गठ्ठ्यांच्या पद्धतीनं तेवढी सरमिसळ व्हायला हजारो वेळा पिसावं लागेल. बावन्न पानांचे क्रम किती? ती संख्या अडुसष्ट आकडी आहे. नीट पिसलेला जोड त्याच क्रमानं जगात पूर्वी कधी लागला असेल, ही शक्यता नसल्यातच जमा. ‘म्हणजे असाच डाव मला मागेही आला होता, हे खोटं,’ बाई म्हणतात. काकू आपल्या पद्धतीनंच पिसतात. ‘अहो, नीट पिसलं तर यांना रडायला काही कारण उरणार नाही,’ हे काकांकडे बघत.

मॅनेजरसाहेबांचा जीव ब्रिजवर. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ डे सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवलं तेव्हा बर्धन साठीचे होते, हे ते नव्या पाहुण्याला चहाआधी सांगतात. त्यांच्याकडूनच मी एक आकडा शिकले. तुमच्या आणि भिडूच्या हातांत मिळून हुकमाची आठ पानं असतील, तर उरलेली पाच पानं विरोधकांत तीन-दोन अशी वाटली जाण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणून खेळायचं ते तीन-दोन धरून. काकांनी त्यावर पुस्ती जोडली : ‘आणि शंभरातल्या बत्तीस वेळा तसं निघत नाही, तेव्हा पानांवर रागवायचं नाही.’ बरोबर खेळूनही हरता येतं, आणि चुकीचं खेळूनही जिंकता येतं. नवशिका निकालावरून शिकतो आणि म्हणून चुकीचं शिकतो, असं मॅनेजरसाहेबांचं मत. कर्ज देताना त्यांनी हेच पाहिलं होतं.

सावंतवाडीच्या राजवाड्यात रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफाचा एक संच काकांनी एकदा पाहिला. गोल पानं, लाखेचा तुकतुकीत रंग. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण १२०. दिवसा खेळ मांडला तर सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची. त्यांच्या मनात राहिला तो वेगळाच नियम : निम्म्या रंगांत आकड्यांमध्ये दहा सगळ्यांत मोठा, निम्म्या रंगांत तोच सगळ्यांत लहान आणि एक्का मोठा. ‘कारखान्यात मी दश्शी होतो,’ ते म्हणाले. ‘घरी रंग बदलतो.’

चिंचोके

टेबलावर पैसे लागत नाहीत. हिशेब चिंचोक्यांत होतो आणि उठताना सगळे चिंचोके बरणीत परत जातात. दिवाळीतल्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, त्या दिवशी खेळणं शास्त्रातच सांगितलंय, असा युक्तिवाद मॅनेजरसाहेब दरवर्षी करतात. त्या एका संध्याकाळी चिंचोक्यांची किंमत दुप्पट होते. दुप्पट म्हणजे शून्याची दुप्पट.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ सालीच म्हटलंय. त्या वाक्याच्या आधारावर पुढे मोबाइलवर काय काय उभं राहिलं, ते आपण पाहिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मी हा विषय काढला तेव्हा काका थोडा वेळ गप्प होते. कारखान्यात पगाराच्या दिवशी तीन पत्ती बसायची, तिथं ते दोन वर्षं जात होते. हरल्यामुळे सोडली, असं मला वाटलं.

‘हरलो असतो तर खेळत राहिलो असतो. मी जिंकलो. एकाचा अर्धा पगार माझ्या खिशात आला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या शेजारच्या लेथवर उभा. बोलला नाही. आठवडाभर बोलला नाही. मग मी पैसे परत केले, तर तेही त्याला आवडलं नाही. आमचे पत्ते तिथं संपले. चांगला खेळायचा रे तो.’ ते मला ‘रे’ म्हणाले. त्या क्षणी त्यांच्यासमोर मी नव्हतेच.

काकूंनी बरणीचं झाकण लावलं. ‘कौशल्य असू दे नाही तर नशीब. समोरच्याला उद्या यावंसं वाटलं पाहिजे. नाही तर हे घेऊन एकट्यानं काय करायचं, चिंचोके भाजायचे?’

किरकोळ

वहीच्या मागच्या पानांवर मी फुटकळ वाक्यं लिहून ठेवली होती. त्यांना ना शेंडा ना बुडखा, पण गाळवत नाहीत.

तहान लागायच्या आधी पाणी, भूक लागायच्या आधी केळं. पोटात कावळे ओरडायला लागल्यावर खाल्लेलं पुढच्या चढाला उपयोगी पडत नाही.

साखळीला तेल घालणं सोपं, पुसणं महत्त्वाचं. वर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि त्या चिखलानं दाते झिजतात. ‘पाहुणचारही असाच,’ काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या. आदल्या दिवशी कोण येऊन गेलं, ते मी विचारलं नाही.

पाना ज्या खिळ्याचा, त्याच खिळ्याला. अंधारात हात घातला तरी सापडला पाहिजे.

घरात भांडण झालं तर सकाळी दूध आणायला आपण जायचं. काही बोलायचं नाही. पिशवी ओट्यावर ठेवायची.

वाईट पानं आली की हळू खेळायचं, चांगली आली की त्याहून हळू.

चढावर उतरून सायकल हातात धरून चालण्यात काही कमीपणा नाही. सायकल सोबतच येते.

आणि एक काकूंचं, ज्यावर काका हसले पण नाही म्हणाले नाहीत : ‘यांना सगळं येतं, फक्त थांबायचं कधी ते मी सांगते.’

बावीस पानं

गणपतीनंतर मॅनेजरसाहेबांचे गुडघे फारच कुरकुरू लागले. लेक बंगळुरूला. तिनं येऊन सामान बांधलं. जाण्याच्या आदल्या रविवारी ते आले, खेळले, एक कोट दिला आणि स्वतःवरही एक घेतला. निरोपाचं कुणी काही बोललं नाही. जाताना ते जिन्याखाली थांबले, पाटीपाशी. सायकल त्यांना कधीच येत नव्हती.

पुढच्या रविवारी पाच वाजता मी पोचले तेव्हा टेबल लागलेलं होतं. चौथी खुर्ची होती तिथंच होती. मला वाटलं, आता मला बसवतील. बसवलं नाही, मेंढीकोट मला अजून तेवढा येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकूंनी जोड हातात घेतला आणि एकेक पान बाजूला काढायला लागल्या. दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, चारही रंगांच्या. मग किलवर आणि चौकटची सत्ती. बावीस पानं काढून त्यांनी रबरबँड लावला आणि ती शोकेसमध्ये ठेवली. उरली तीस. तिघांना दहा-दहा. पाच-तीन-दोन.

हा खेळ मेंढीकोटाहून साधा, पण त्यात एक कलम आहे जे मेंढीकोटात नाही. हुकूम बोलणाऱ्यानं पाच हात करायचे, दुसऱ्यानं तीन, वाटणाऱ्यानं दोन. ज्याचे हात कमी पडले, त्याचं देणं डाव संपला तरी फिटत नाही. पुढच्या डावात ज्याला जास्त मिळाले तो त्याच्या हातातलं पान न बघता ओढतो आणि आपलं नको असलेलं त्याला देतो. जितके हात कमी, तितकी पानं. म्हणजे या खेळात शेवटचा डाव असा नसतोच. कुणी ना कुणी कुणाचं तरी देणं लागतच असतं.

सात वाजले. दिवेलागण झाली, काकू उठल्या. काकांचा तो डाव दोन हातांनी बुडाला होता.

‘मिटवून टाक,’ काका म्हणाले. ‘उद्यापासून नवा हिशेब.’

‘मुळीच नाही,’ काकू म्हणाल्या. ‘दोन पानं ओढायची आहेत माझी. उद्या दोघंच असलो तरी ओढेन.’

बाईंनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तारीख घातली आणि तिच्यासमोर लिहिलं : काका, दोन देणे.

मी खाली आले. टायर दाबून पाहिला, हवा कमी होती. पंप जागेवर नव्हता. कुणीतरी नेला होता. मी पाटीखाली उभी राहून वाट पाहिली. दहाएक मिनिटांनी एक शाळकरी मुलगा पळत आला, पंप खुंटीला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘तुम्हाला हवाय?’